मोराशेजारी एक कोरल बसवा : सोलापूरच्या मागवाल्यांना खुले पत्र

प्रति,
सोलापुरातले चादर-टॉवेलचे कारखानदार, डिझाइन मास्तर, जकार्डचे पत्ते मारणारे आणि मागावर उभे राहणारे सगळे जण

सप्रेम नमस्कार. चादरीवरच्या मोराशेजारी एखादा कोरल, म्हणजे किनाऱ्यावरच्या चिखलात चरणारं लांब वाकड्या चोचीचं पाखरू, विणावा, हे मागायला मी हे पत्र लिहिते आहे.

मागल्या वर्षी सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा आटोपला आणि मी आठ दिवस दापोलीकडे गेले होते. समुद्राला लागून एक घरगुती निवासाची जागा होती. पुढच्या अंगणात सुरूच्या दोन झाडांना दोरी बांधलेली आणि दोरीवर ओळीनं टॉवेल वाळत घातलेले. पांढरा टॉवेल, काठाला निळी पट्टी. मी सवयीनं एकाचा कोपरा उलटून विणीवरून बोट फिरवलं. मालक हसले. म्हणाले, "काकू, तुमच्याच गावचे. दरवर्षी चार डझन मागवतो. खाऱ्या हवेत दुसरा टॉवेल टिकत नाही."

मला फार बरं वाटलं. माझा जन्म पूर्व भागातला, तेलुगू विणकरांच्या वस्तीतला. वडील जकार्डचे, म्हणजे भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून नक्षी विणणाऱ्या मागाचे, डिझाइन मास्तर. आपला माल समुद्राच्या दारात वाळत पडलाय, ही काही लहान गोष्ट नव्हे.

त्याच टॉवेलांच्या खालून समोर पाहिलं तर ओहोटीच्या ओल्या वाळूवर तीनचारशे पाखरं बसलेली. मोठे पांढरे होते ते कुरव. त्यांच्या पायांत लहान, मातकट, सारखी पळणारी आणि मध्येच थबकणारी पाखरं होती, ते चिखल्या. तेवढ्यात एक जीप वाळूवर उतरली. गाडीतली मुलं ओरडली, सगळा थवा उठला, पाण्यावरून वळसा घालून शंभर पावलांवर बसला. जीप वळून पुन्हा तिकडेच. पुन्हा थवा उठला. तासाभरात मी हे सहा वेळा मोजलं. मालकांना विचारलं, ही कुठली पाखरं? ते म्हणाले, "ती होय? समुद्रावरची पाखरं." माणूस चांगला होता, पाहुण्यांना अगत्यानं वाढणारा होता. पण जन्मभर दारात येणाऱ्या पाखरांचं नाव त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

ओहोटीचे चार-पाच तास एवढीच त्या पाखरांची जेवणाची वेळ असते. वाळूत आणि चिखलात लपलेले किडे, शिंपले, बारीक खेकडे तेवढ्या वेळात टिपायचे, अंगावर चरबी चढवायची आणि उन्हाळा तोंडावर आला की हिमालयाच्या पलीकडे, मध्य आशियात, काहींनी थेट सायबेरियाच्या उत्तर टोकापर्यंत उडत जायचं. छोटा टिलवा नावाचं पाखरू तर पंचवीस-तीस ग्रॅमचं असतं. आपल्या कांडीवर जेवढं सूत बसतं, साधारण तेवढं वजन. त्याला ताटावरून सहा वेळा उठवलं तर त्या दिवसाचं जेवण बुडालं. जीपवाल्यांना हे ठाऊक असतं तर त्यांनी गाडी नक्की लांब लावली असती, असं मला अजून वाटतं.

हे मी तुम्हाला का लिहिते आहे? सोलापूरला समुद्र कुठं आहे?

समुद्र नाही, पण समुद्रावरची पाखरं आहेत. थंडीत उजनीच्या जलाशयावर, करमाळ्याच्या बाजूनं कुठल्याही काठाला जा. तपकिरी डोक्याचे कुरव होडीमागं घिरट्या घालत असतात. ते तिबेट-लडाखकडच्या उंच तळ्यांवर वाढतात आणि थंडीत कोकण किनाऱ्यावर जसे उतरतात तसेच आपल्याकडेही. शेकाटे, तुतवार, पाणटिवळे, चिखल्या ही सगळी मंडळी खाडीत दिसतात तशीच आपल्या हिप्परग्याच्या तलावाच्या काठाला दिसतात. रोहित पक्षी, ज्यांना आपण अग्निपंख म्हणतो, ते कच्छच्या रणात वीण करतात आणि ठाण्याच्या खाडीत जसे येतात तसे उजनीतही येतात. १९८० साली उजनीत पाणी अडवलं, शेतं आणि गावं पाण्याखाली गेली. धरणाचं पाणी हिवाळ्यापासून उतरत जातं आणि काठाला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. पाखराच्या नजरेनं पाहिलं तर तो चिखल आणि खाडीचा चिखल यांत फार फरक नाही. आपल्या लोकांच्या बुडालेल्या जमिनीवर आज ही पाखरं जेवतात. मला हा विचार आला की नेहमी गलबलून येतं.

पक्ष्यांच्या या येण्या-जाण्याच्या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. तीस देशांवरून तो जातो आणि आपला जिल्हा बरोबर त्या वाटेवर आहे. एखादं पाखरू इथं वाचलं आणि तिकडं खाडी बुजवल्यामुळं मेलं, तर आपल्याकडंही पुढच्या वर्षी एक कमी येणार. म्हणून मी किनाऱ्यावरच्या पाखरांना परकं मानत नाही.

आणि ती कमी होत आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरात धोक्यातल्या जीवांची जागतिक लाल यादी सुधारली, तेव्हा किनाऱ्यावर चरणारे १६ जातींचे स्थलांतरित पक्षी एका झटक्यात अधिक धोक्याच्या रकान्यात गेले. त्यांत करडा चिखल्या आहे. बाकदार चोचीचा तुतवार आहे, ज्याला पक्षीमित्र कर्ल्यू सँडपायपर म्हणतात. हे दोन्ही आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर थंडी काढणारे. त्यानंतर वर्षभरानं, २०२५ च्या ऑक्टोबरात, बारीक चोचीचा कोरल कायमचा नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. तो शेवटचा खात्रीनं दिसला होता १९९५ साली, मोरोक्कोच्या किनाऱ्यावर. त्याचा मोठा भाऊ, आपला कोरल, अजून आहे. लांब, खाली वळलेली चोच, पंधरा सेंटिमीटरपर्यंत जाणारी. तो ओरडला की दोन काठांच्या मधली सगळी शांतता हलते.

आता माझ्या कामाकडे येते. मी तीस वर्षं चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर मुलांना घेऊन हिप्परग्याला जायचा नाद लागला. पाच-सहा वर्षांपूर्वी आम्ही बावीस मुलांनी मिळून एका कार्यालयाच्या कुंपणभिंतीवर पाणपक्षी रंगवले. रीतसर परवानगी घेतली होती. तीन रविवार लागले. सातवीतल्या एका मुलीनं शेकाट्याचे लाल पाय काढले, ते इतके लांब आणि इतके बारीक की मला वाटलं भिंत हलली तर मोडतील. दोन महिन्यांत त्या भिंतीवर फलक लागले, त्यांच्याखाली चित्रं गेली. पुढं कुठला तरी पाहुणा येणार म्हणून सगळी भिंत चुन्यानं पांढरी झाली. ती मुलगी मला म्हणाली, "बाई, आपण परत काढू या की." मी हो म्हटलं, पण मनातून मी खचले होते.

भिंत आपली नसते, हे तेव्हा कळलं. मग माझ्या डोळ्यासमोर आली चादर.

चादर माणसाच्या घरात जाते. लग्नात आहेर म्हणून जाते, बाळंतिणीच्या अंथरुणावर जाते, वारीत खांद्यावर जाते, एसटीच्या खिडकीशी डोक्याखाली जाते. आमच्या घरात माझ्या लग्नातली चादर अजून आहे. मधे विरली आहे, पण कडेचा मोर जसाच्या तसा. कुणी तिच्यावर फलक लावत नाही, कुणी तिला चुना मारत नाही. भौगोलिक मानांकन मिळालेली ही आपली वस्तू देशभर जाते. तुमच्याइतकी मोठी, इतकी टिकाऊ आणि इतक्या घरांत पोचणारी चित्रशाळा माझ्या माहितीत दुसरी नाही.

आणि चित्र काढायला माणसं? ती तर दारात बसली आहेत.

गेल्या संक्रांतीच्या आधी मी आमच्या गल्लीतल्या बायकांना एक गोष्ट विचारली. पूर्व भागात सकाळी दारात मुग्गू घालतात, म्हणजे आपली ठिपक्यांची रांगोळी, हे तुम्हाला सांगायला नको. मी म्हटलं, एक दिवस कमळ-कासव बाजूला ठेवू, पाखरू घालू. मी मोबाइलवर शेकाट्याचा फोटो दाखवला. सत्तरीच्या एक आजी, आयुष्यभर विड्या वळलेल्या, बोटांना तंबाखूचा वास कायमचा बसलेला. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "याचे पाय किती ठिपक्यांचे?"

मी तीस वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. आजींनी अंगाचे ठिपके मोजले, नऊ. मग पायाचे मोजले, ते अकरा झाले. "अंगापेक्षा पाय लांब? पाण्यात उभं राहत असेल मग," असं म्हणून त्यांनी ठिपके ठेवायला सुरुवात केली. पुस्तकात जे मी तासभर समजावते ते त्यांनी ठिपके मोजताना ओळखलं. त्या दिवशी आमच्या गल्लीत चौदा दारांपुढं चौदा पाणपक्षी उतरले होते. शाळेला जाणारी पोरं उड्या मारत, न पुसता, बाजूनं गेली.

ठिपक्यांची रांगोळी म्हणजेच जकार्डचा आलेख आहे, हे तुमच्याहून चांगलं कोण जाणतं? माझे वडील खाटेवर मांडी घालून चौकटीच्या कागदावर मोर काढायचे. एक घर म्हणजे एक धागा. घर रंगवलं तर पत्त्यावर तिथं भोक पडणार, भोक असेल तिथं हूक उचलणार, ताण्याचा धागा वर येणार आणि बाणा त्याच्या खालून जाणार. ते कंदिलाजवळ कागद धरून घरं मोजायचे आणि मी शेजारी बसून पेन्सिलीला टोक करून द्यायची. एकदा मी विचारलं होतं, "तुम्ही खरा मोर पाहिलाय का?" ते म्हणाले, "पाहिलाय, दुसऱ्याच्या चादरीवर." आम्ही दोघंही हसलो, पण ते वाक्य मी विसरले नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाखरं चादरीवरून चादरीवर उतरत गेली. खऱ्या पाखरावरून चादरीवर उतरवायचं काम राहून गेलं आहे. गल्लीतल्या बायकांनी ठिपके मोजले, मुलांनी काठावर बसून रेघा काढल्या आणि तुमच्या मास्तरांनी त्याचा आलेख केला, तर ते पुरं होईल.

हे मी एका कारखानदारांकडे जाऊन बोलले. त्यांनी चहा दिला, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मोर विकतो, गुलाब विकतो, वाघ विकतो. ही मातकट पाखरं कोण अंगावर घेणार ओ?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. कापड अंगावर पडलं की गिऱ्हाइकाची मर्जी. सुताचा भाव, विजेचं बिल आणि बाहेरून येणारा स्वस्त माल यांत तुमचं कंबरडं मोडायची वेळ आली आहे, हे मला दिसतं. बंद पडलेले माग मी आमच्याच बोळात मोजू शकते. म्हणून धंद्याचा विचार सोडून उपकार करा, असं मी म्हणणार नाही.

पण मातकट म्हणजे बेरंगी नव्हे. बाकदार चोचीचा तुतवार आपल्याकडं थंडीत करडा-पांढरा असतो आणि सायबेरियात विणीला जायच्या आधी पोटापासून चेहऱ्यापर्यंत विटकरी तांबडा होतो. दुहेरी विणीच्या चादरीत नक्षी दोन्ही बाजूंना उलट रंगांत उमटते. मग एका बाजूला विटकरी जमिनीवर करडं पाखरू आणि उलटवली की करड्या जमिनीवर विटकरी पाखरू. थंडीतला पक्षी आणि उन्हाळ्यातला पक्षी एकाच विणीत, एकही धागा जास्त न लागता! हे जगात दुसऱ्या कुठल्या कापडाला इतकं सहज जमेल? ही नक्षी माझ्या डोक्यात आली त्या रात्री मला झोप लागली नाही.

किंवा नुसत्या चोचींची किनार घ्या. कोरलाची चोच खाली वळते. उचाट्याची वर वळते, मोच्याच्या आरीसारखी. पाणटिवळ्याची लांब आणि सरळ. चिखल्याची आखूड, जाडसर. या चोची अशा निरनिराळ्या का, तर एकाच चिखलात प्रत्येकाचा थर ठरलेला असतो. चिखल्या वरच्या वर दिसेल ते टिपतो, पाणटिवळा बोटभर खोल जातो, कोरल त्याहून खोल दडलेला किडा ओढून काढतो, उचाट्या पाण्यावर चोच डावी-उजवी फिरवून गाळ विंचरतो. रोहित तर डोकं उलटं करून चोचीनं पाणी गाळतो. एका पंगतीत इतके जण बसतात आणि कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. टॉवेलच्या काठाला, निळ्या पट्टीच्या जागी, या चार चोची ओळीनं विणल्या तर पाहणारा विचारणार, हे काय आहे? कोकणातल्या त्या मालकांच्या दोरीवर असा टॉवेल वाळत असेल आणि समोर तेच पाखरू पळत असेल, तर पाहुण्याला ते दाखवायला मालक स्वतः अंगणात येतील. माझी सगळी आशा या एका दृश्यावर आहे.

कापडानं पाखरं वाचतात का, असं कुणी विचारलं तर मी आसामकडे बोट दाखवते. तिथं हरगिला नावाचा पाच फूट उंच करकोचा आहे. समुद्रकाठचा नव्हे, पाणथळीतला. दिसायला कुरूप, कचऱ्यावर चरणारा, अंगणातल्या झाडावर घरटं केलं की खाली घाण करणारा. लोक त्याला अपशकुनी मानून झाडंच तोडत. २००७ साली असं एक झाड पाडलं गेलं, घरट्यातली पिल्लं खाली पडली, आणि ते पाहून पूर्णिमा देवी बर्मन या जीवशास्त्रज्ञ बाईंनी अभ्यास बाजूला ठेवून गावातल्या बायकांना गोळा केलं. त्यांनी हरगिल्याचं डोहाळजेवण घातलं, गाणी म्हटली आणि मुख्य म्हणजे बायकांना माग आणि सूत मिळवून देऊन हरगिल्याची नक्षी साड्यांवर आणि गामोसांवर, म्हणजे तिकडच्या पंचांवर, विणायला लावली. त्या कापडाचा पैसा बायकांच्या हाती आला. ज्या पाखराला घरातून हाकलत होते ते लग्नाच्या कपड्यावर बसलं. आज त्या हरगिला फौजेत दहा हजारांहून जास्त बायका आहेत. तिथल्या दादरा आणि आसपासच्या गावांत २८ घरटी होती, ती दोनशेच्या वर गेली. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी बर्मन यांचा सन्मान केला आणि २०२३ मध्ये हरगिला संकटग्रस्त पक्ष्यांच्या रकान्यातून दोन पायऱ्या सुरक्षित जागी सरकला. त्यांच्याकडे हातमाग होते. आपल्याकडे जकार्ड आहे.

आपण एकदा उशीर केला आहे, हेही सांगितलं पाहिजे. नान्नजला माळढोक अभयारण्य झालं १९७९ साली. शाळेच्या सहलीत मी तिथं माळढोक पाहिला आहे, गवतात मान वर करून उभा, एखाद्या पोक्त माणसासारखा. आज नान्नजच्या माळावर तो दिसणं ही बातमी होते. सोलापूरची ओळख म्हणून आपण माळढोकाचं नाव घेत राहिलो, पण तो आपल्या एकाही घरात, एकाही अंथरुणावर, एकाही लग्नात नव्हता. चादरीवर असता तर तो वाचलाच असता, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. त्याची गवताळ कुरणं मोडली, विजेच्या तारा आल्या, कारणं पुष्कळ आहेत. पण तो आपला होता आणि आपल्या हातून त्याचं एक चित्रसुद्धा झालं नाही, याची मला लाज वाटते.

या गावानं पाखरांना नावं मात्र दिली आहेत. मारुती चितमपल्ली याच मातीतले. ५ नोव्हेंबर १९३२ ला सोलापुरात जन्म, घरची बोली तेलुगू, आणि वनखात्यात ३६ वर्षं काढून त्यांनी मराठीला पाखरांचे शब्द दिले. कावळ्यांच्या वसतीला काकागार, बगळ्यांच्या वसतीला सारंगागार. २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ च्या जूनमध्ये इथंच त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळतात. त्या आठ दिवसांत शहरात भाषणं होतील, फोटोंचं प्रदर्शन भरेल. एखाद्या मागावर त्यांच्या आठवणीची एक चादर उतरली, तर मला वाटतं, ती त्यांना जास्त आवडली असती.

तर मागणं असं आहे. या पक्षी सप्ताहाला तुमच्यापैकी जे तयार होतील त्यांनी एक माग, फक्त एक, आठ दिवस पाखरासाठी राखावा. कुणी कोरल घ्यावा, कुणी कुरव, कुणी शेकाट्या. नक्षी कारखान्यातल्या माणसांकडूनच यावी. कांडी भरणाऱ्या बायका, त्यांची मुलं, गल्लीतल्या मुग्गू घालणाऱ्या आज्या. एका कोपऱ्यात पाखराचं नाव मराठीत विणा. चादरीला जी चिठ्ठी लावता तिच्यावर दोन ओळी छापा, हे पाखरू कुठून येतं आणि आपल्याकडं कधी दिसतं. ज्याची नक्षी असेल त्याचं नाव त्या चिठ्ठीवर यावं आणि त्याला त्याचे पैसे मिळावेत. फुकटात घेतलेल्या कलेचं कौतुक मला नको आहे.

पहिला गठ्ठा कुठं जावा, तर दोन ठिकाणी, असं मला वाटतं. एक, कोकणातल्या किनाऱ्यालगतच्या निवासांकडे, ते तुमचं आधीपासूनचं गिऱ्हाईक आहे. दुसरा, उजनीच्या काठावर होड्या चालवणाऱ्या मच्छीमारांकडे. पाहुण्यांनी होडीतून कुरवांना शेव-गाठ्या टाकायच्या की नाही, हे त्यांच्या एका शब्दावर ठरतं. मी स्वतः पाहिलंय, पुडी फुटली की शंभर कुरव होडीवर तुटून पडतात, फोटो छान येतो आणि खारट-तळलेलं पाखराच्या पोटात जातं. आणखी एक. उन्हाळ्यात नदीचा सुरय हा पक्षी वाळूच्या उघड्या बेटावर, नुसत्या खळग्यात अंडी घालतो. अंडी वाळूच्या रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. भीमेची वाळू ज्या वेगानं उपसली जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. कुठल्या बेटावर सुरय बसलाय हे होडीवाल्यालाच आधी कळतं, आणि त्यानं आवाज उठवला तर त्याच्या पाठीशी उभं राहायला गाव लागतं. कापड विकून जे चार पैसे उरतील त्यांतून सुरयाच्या बेटावर तीन महिने राखण ठेवता येईल. किती पुरतील, हे मला आज सांगता येणार नाही, पण हिशेब उघडा ठेवला तर गाव भर घालेल.

एक गोष्ट तुम्हाला टोचेल, तरी लिहिते. पाखरू विणायचं आणि रंगाचं पाणी तसंच नाल्यात सोडायचं, असं होता कामा नये. नाल्याचं पाणी शेवटी कुठल्या तरी काठाला जातं, त्याच चिखलात जातं. जे कारखाने पाणी शुद्ध करून सोडतात त्यांनीच पहिलं पाखरू विणावं, म्हणजे चादरीवरचं पाखरू खरं बोलेल. बाकीच्यांना त्यातून उभारी येईल अशी माझी इच्छा आहे.

जुन्या जकार्डवर हूक मोजके असतात, इतकी बारीक चोच उमटेल का, अशी शंका एका मास्तरांनी काढली होती. म्हणून मी गेला महिना आजींना घेऊन बसले. आम्ही कोरलाचा आलेख केला आहे. मान आणि अंग मिळून अठ्ठेचाळीस घरं, चोच एकतीस घरं. चोचीचं वळण तीन ठिकाणी एकेका घरानं खाली आणलं, म्हणजे पायऱ्या दिसत नाहीत. डोळ्याचं एकच घर कोरं ठेवायचं, हे आजींनी ठरवलं. तो कागद माझ्या टेबलावर काचेखाली आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी रविवारी सकाळी आमच्या गल्लीत यावं. दारातली रांगोळी पाहून घर ओळखू येईल. सध्या तिथं एक उचाट्या आहे, चोच उंबऱ्याकडं वळलेली.

आपली,
चित्रकलेची एक निवृत्त शिक्षिका
पूर्व भाग, सोलापूर